क्योटोच्या र्‍योकानमध्ये एक रात्र: आई शाकाहारी, गुडघेदुखी, जमेल का?

सांगलीचा_मुक्काम
नमस्कार मंडळी, नोव्हेंबरच्या शेवटी आईबाबांना घेऊन जपानला चाललोय, मी, बायको आणि ते दोघं. टोकियो, हाकोने सगळं ठरलंय, अडलंय ते क्योटोत. बाबा इतिहासाचे मास्तर होते, त्यांची फार इच्छा आहे की ७९४ सालापासून हजारेक वर्षं राजधानी असलेल्या गावात जातोय तर एक रात्र तरी तिथल्या पारंपरिक अतिथिगृहात, म्हणजे जुन्या पद्धतीच्या र्‍योकानमध्ये काढायची, चटईची खोली, सरकते दरवाजे, सगळं तसंच. पण आई पक्की शाकाहारी, अंडंसुद्धा चालत नाही, आणि गुडघ्यांमुळे मांडी घालून बसता येत नाही. त्यात कुणीतरी सांगितलं की तिथे आंघोळ सगळ्यांसमोर करावी लागते, तेव्हापासून ती नकोच म्हणतेय. आणि भाडं खोलीमागे नाही तर माणशी लावतात, एके ठिकाणी माणशी २८ हजार येन म्हणजे चौघांचे एका रात्रीचे लाखाच्या वर येन, ते बघून मी लॅपटॉपच बंद केला. कुणी आईवडिलांना घेऊन राहिलंय का? खरंच सांगा, जाऊ का नको?

ओसाकाची_वारी
जा. मी अकरा वर्षं इकडे आहे, आईबाबा दोनदा येऊन गेले, त्यातली त्यांना सगळ्यात जास्त आठवणारी रात्र क्योटोतल्या र्‍योकानचीच आहे.

आधी पैशांचं. त्या भाड्यात रात्रीचं जेवण आणि सकाळचा नाश्ता धरलेला असतो, आणि ते जेवण म्हणजे काइसेकी, सात-आठ किंवा जास्तच छोटे छोटे पदार्थ एकामागून एक येतात, मोसमाप्रमाणे. म्हणून माणशी. नुसती खोली हवी असेल तर बुकिंग करताना 'सुदोमारी' बघायचं, खूप स्वस्त पडतं. शिवाय क्योटो महापालिकेचा मुक्काम कर वेगळा, मार्च २०२६ पासून तो वाढलाय, राहण्याचं भाडं माणशी २० ते ५० हजार येनच्या आत असेल तर माणशी रात्रीला १,००० येन (जेवणाचे पैसे त्यात धरत नाहीत).

आता खरा मुद्दा, दाशी. नीट वाच, कारण आपली माणसं इथेच फसतात. दाशी म्हणजे तिथल्या स्वयंपाकाचं मूळ पाणी, सूप, भाजी, सॉस, सगळ्यात तेच, आणि साधारणपणे ते वाळवलेल्या बोनिटो माशाच्या पापुद्र्यांपासून काढतात. तू 'व्हेजिटेरियन' एवढंच लिहिलंस तर ते मांस आणि माशाचा तुकडा काढतील आणि दाशी तशीच ठेवतील, त्यांच्या दृष्टीने त्यात मासा नाहीच, चव आहे. म्हणून असं लिही: 'निकु मो साकाना मो तामागो मो ताबेमासेन. कात्सुओदाशी मो दामे देस्. कोम्बुदाशी वा दाइजोबु देस्.' म्हणजे मांस, मासे, अंडं खात नाही, बोनिटोची दाशी पण चालत नाही, कोम्बू या समुद्री वनस्पतीची चालेल. बुक करायच्या *आधी* लिही, जमत नसेल तर ते स्पष्ट नाही म्हणतात आणि ते चांगलंच. आयत्या वेळी सांगून काही होत नाही, सामान पाहुण्यांच्या संख्येप्रमाणे आणलेलं असतं.

डोंबिवली_फास्ट
वरच्या प्रतिसादातला शब्द न् शब्द खरा आहे, मी भोगलंय. सासूबाईंना घेऊन गेलो होतो, साइटवर शाकाहारीवर टिक केली आणि निर्धास्त झालो. जेवायला बसलो, पहिल्याच वाटीला सासूबाईंनी झाकण काढलं, वास घेतला आणि हळूच खाली ठेवलं. वाढणाऱ्या बाईंना (नाकाइ-सान म्हणतात) विचारलं तर त्यांचा चेहराच पडला, आत जाऊन आल्या आणि म्हणाल्या की सगळ्यातच कात्सुओ (म्हणजे बोनिटो) आहे. त्या रात्री सासूबाई भात, लोणचं आणि सोबत नेलेली शेंगदाण्याची चटणी खाऊन झोपल्या. मला अजून वाईट वाटतं, कारण त्या र्‍योकानची चूक नव्हती तेवढी माझी होती, मी दोन ओळी लिहायला हव्या होत्या.

पण हेही सांगते. त्या नाकाइ-सान नंतर गाद्या घालायला आल्या. भिंतीतल्या कपाटातून फुतोन (जमिनीवर घालायची जपानी गादी) काढला, गुडघ्यावर बसून चादरीचा एकेक कोपरा हाताने दाबत दाबत सपाट केला, आणि सासूबाईंच्या गादीखाली न विचारता अजून एक गादी घातली. बसताना उठताना त्यांना त्रास होतो हे त्यांनी जेवताना बघून ठेवलं होतं. सकाळी नाश्त्याला सासूबाईंपुढे वेगळं ताट, युदोफू म्हणजे कोम्बूच्या पाण्यात गरम केलेलं तोफू, तीळ, पालक, भात. कुणी रात्रीतून व्यवस्था केली कोण जाणे. सासूबाई निघताना त्यांचे दोन्ही हात धरून उभ्या होत्या, एकमेकींची भाषा येत नाही, तरी पाच मिनिटं.

गुडघे_आणि_गड
गुडघ्यांचं मी सांगतो, माझे स्वतःचे गेलेत. बुक करताना 'वायोशित्सु' शोधा, म्हणजे अर्धी खोली तातामीची (जपानी चटईची) आणि अर्ध्यात पलंग. बाबांना चटई मिळेल, आईला पलंग. ती नसेल तर जेवायला टेबल-खुर्ची मागा, आजकाल बऱ्याच ठिकाणी देतात कारण जपानी म्हाताऱ्यांचेही गुडघे दुखतातच. आणि आधी विचारा की खोली वर आहे का, जुन्या लाकडी घरांत लिफ्ट नसते आणि जिने आपल्या वाड्यातल्यासारखे उभे असतात.

आंघोळीचं आईंना सांगा की बायकांची न्हाणी वेगळीच असते, आणि तिथेही जायलाच पाहिजे असं नाही. क्योटो शहरातल्या छोट्या र्‍योकानमध्ये बरेचदा एकच छोटी न्हाणी असते आणि आपल्या वेळेला आतून कडी लावून वापरता येते, तिला 'काशिकिरी' म्हणतात. लाकडी टब असेल तर अजिबात सोडू नका. फक्त आधी बाहेर स्टुलावर बसून साबण लावून पूर्ण स्वच्छ व्हायचं, मग टबात, कारण तेच पाणी पुढचा माणूस वापरणार असतो. पाणी चाळीस-बेचाळीस डिग्री असतं, बाबांना बीपी असेल तर फार वेळ नको.

मोठ्या बॅगा घेऊन जाऊ नका!! क्योटोच्या बसमध्ये त्यांना जागाच नसते. आधीच्या हॉटेलातून ताक्क्यूबिनने (तिथली सामान पोचवणारी कुरिअर सेवा) पुढच्या हॉटेलवर पाठवा आणि र्‍योकानला एका रात्रीची पिशवी न्या. तिथे युकाता, म्हणजे अंगावर घालायचा सुती झगा, देतातच (डावी बाजू वर घ्यायची, उजवी वर फक्त मृत माणसाला नेसवतात, हे आठवणीने सांगा). पोचायचं बरोबर तीन-चारला. लोक दिवसभर देवळं फिरून आठला पोचतात आणि मग पैसे वाया गेले म्हणतात. अहो, दुपारचा चहा, अंगणातली ती एवढीशी बाग, आंघोळ, मग जेवण, यासाठीच तर पैसे दिले ना.

कोपऱ्यातलं_देऊळ
जेवणाची भीती अजिबात नको असेल तर शोजिन र्‍योरी बघा, बौद्ध मठातला स्वयंपाक. मांस मासे तर नाहीतच पण कांदा लसूणही नाही, चातुर्मास पाळणाऱ्या आपल्या आयांना हे सांगितलं की लगेच जवळचं वाटतं. क्योटोत आराशियामाला तेनर्‍यू-जी मंदिराच्या आवारातच शिगेत्सु म्हणून जेवणघर आहे, दुपारी जेवता येतं. आणि सवड असेल तर कोयासान या डोंगरावर मठातच मुक्काम, शुकुबो म्हणतात, ओसाकाच्या नाम्बाहून नानकाई रेल्वे आणि शेवटी केबल कार. कूकाई या बौद्ध भिक्षूने ८१६ मध्ये वसवलेली जागा आहे, मास्तरांना आवडेल. पण नोव्हेंबरअखेर डोंगरावर कडाक्याची थंडी, आईंच्या गुडघ्यांचा विचार करा.

मास्तरांसाठी अजून एक. क्योटोतलं हिइरागिया र्‍योकान १८१८ पासून चालू आहे. इकडे पेशवाई बुडाली ते साल. राहणं परवडलं नाही तरी त्या रस्त्यावरून एक चक्कर मारून आणा.

सांगलीचा_मुक्काम
सगळ्यांचे मनापासून आभार. १८१८ चं बाबांना सांगितलं, ते उठून आत गेले आणि नकाशा घेऊनच आले. ओसाकाची_वारी यांची ओळ जशीच्या तशी जपानी लिपीत लिहून तीन ठिकाणी पाठवली. दोघांनी नम्रपणे नाही कळवलं, तिसऱ्यांनी हो म्हटलं, वर विचारलं की मध आणि दूध चालतं का. खोली तळमजल्यावर, आईला खुर्ची मिळणार, न्हाणीला कडी आहे. आई तयार झाली.

आता एकच घोळ. आईने आत्ता कालनिर्णय काढलं, तर ती रात्र नेमकी कार्तिकी एकादशीची. ती उपास सोडणार नाही. तारीख पुढे सरकवायची म्हटलं तर लाल पानांचा मोसम, कुठे जागाच नाही.

ओसाकाची_वारी
नको सरकवू. त्यांना आजच लिही की त्या दिवशी तीन जणांचंच जेवण, आईंचं रात्रीचं नको, सकाळी पारण्याला मात्र भात हवा. आणि नोव्हेंबर म्हणजे रताळ्यांचाच मोसम आहे, याकिइमो म्हणून अख्खी भाजलेली रताळी सुपरमार्केटच्या दारात गरम मिळतात, गोड, अगदी मधासारखी. सोबत काकी नावाचं फळ (पर्सिमन) घे, पिकलेलं, केशरी. स्टेशनजवळूनच घेऊन जा, र्‍योकानच्या गल्लीत दुकान असेलच असं नाही.