मुलीला लोकसंख्याशास्त्रात संशोधन करायचंय. मामा म्हणतो हे विज्ञानच नाही. कुणी सांगाल का?

भांडुपची आई

नमस्कार. माझी मुलगी संख्याशास्त्र घेऊन टी.वाय.बी.एस्सी.ला आहे. पुढे देवनारच्या संस्थेत लोकसंख्याशास्त्र शिकायचं आणि मग संशोधनच करायचं, असं तिने ठरवलंय. माझा भाऊ रसायनशास्त्रातला एम.एस्सी., अंबरनाथला कंपनीच्या प्रयोगशाळेत असतो. तो म्हणतो, "घरोघरी जाऊन प्रश्न विचारायचे, लोक काहीही सांगतात, ते लिहून घ्यायचं. याला संशोधन म्हणतात का? सायन्सची डिग्री वाया घालवतेय." मुलगी दोन दिवस त्याच्याशी बोललेली नाही. मी कॉमर्सची, पोस्टात नोकरी करते. भावाला उलटून काय सांगावं ते मला सुचत नाही, आणि मुलीला नुसतं "तुझं बरोबर" म्हणणंही खरं वाटत नाही. या दोन प्रकारच्या संशोधनात नेमका फरक काय? एक खरं आणि एक कच्चं, असं काही असतं का?

अलिबागकर

प्रयोग करता येत नाही म्हणून विज्ञान नाही, असं मामांचं म्हणणं असेल तर खगोलशास्त्रही बाद होईल. नारायणगावजवळ खोडदच्या परिसरात रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आकाशाकडे कान लावून बसल्या आहेत. ताऱ्यावर प्रयोग कोण करणार? जे येतं ते नीट टिपायचं, एवढंच हातात असतं.

आमच्या गावचंच सांगतो. पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी आधी कुलाब्याच्या वेधशाळेत व्हायची. १८५९ चं मोठं सौरवादळ तिथे नोंदलं गेलंय. पुढे मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार असं ठरल्यावर त्या विजेने मोजमाप बिघडेल म्हणून १९०४ मध्ये वेधशाळा अलिबागला आणली. इमारतीत लोखंड वापरलं नाही. आणि १९०६ पर्यंत कुलाबा आणि अलिबाग अशी दोन्हीकडे मोजणी चालू ठेवली, म्हणजे जुने आकडे नव्यांना जोडता येतील. अख्खं काम निरीक्षणाचं आणि चिकाटीचं.

पवईवाला

नैसर्गिक विज्ञान म्हणजे एकच पद्धत, हेही खरं नाही. भौतिकशास्त्रातल्या हिग्ज या मूलकणाच्या वस्तुमानावरचा २०१५ चा शोधनिबंध ५,१५४ जणांच्या नावावर आहे. ३३ पानांपैकी मजकूर ९ पानांचा, बाकी नावं आणि संस्था. गणितातला माणूस मात्र एकटा, कागद-पेन्सिल घेऊन वर्षं काढतो. दोघंही संशोधकच.

अजून एक. मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग १९१९ मध्ये सुरू झाला, त्याचे पहिले प्राध्यापक पॅट्रिक गेडिस. ते मूळचे वनस्पतिशास्त्राचे! मामांना हे जरूर सांगा.

गोवंडीकर

ताई, मी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (कुटुंब आणि आरोग्याविषयीची देशभरातली पाहणी) घरोघरी फिरून मुलाखती घेतल्या आहेत, नंतर गटाची पर्यवेक्षक होते. म्हणून तुमच्या भावाच्या "लोक काहीही सांगतात" या वाक्यावर सविस्तर लिहिते. लोक काहीही सांगतात हे खरंच आहे. त्या शास्त्राचं निम्मं काम तिथूनच सुरू होतं.

वयाचं घ्या. विचारलं की उत्तर येतं, "असेल पस्तीस." छत्तीस किंवा सदतीस सहसा कुणी सांगत नाही. त्यामुळे आकडेवारीत ० आणि ५ वर संपणाऱ्या वयांची गर्दी होते. ही गर्दी किती, हे मोजायला व्हिपलचा निर्देशांक आहे. १०० आला तर गर्दी नाही, ५०० आला तर सगळ्यांनीच ० किंवा ५ वर संपणारं वय सांगितलंय. म्हणजे लोक किती ठोकळ बोलतात, हेही मोजून मगच पुढे जायचं.

मुलाखत घेणाऱ्याने तिथल्या तिथे करायचं कामही असतं. गोवंडीच्या शिवाजीनगरात एका बाईंना थोरल्याचा जन्म कधीचा ते आठवेना. मी विचारलं, मोठा पूर आला तेव्हा तो होता का? त्या लगेच म्हणाल्या, "सव्वीस जुलैला घरात कमरेएवढं पाणी होतं, तेव्हा हा पोटात. सातवा चालू होता." सांताक्रूझला त्या दिवशी २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला होता, त्यामुळे ती तारीख पक्की. जन्म सप्टेंबर-ऑक्टोबर २००५ मध्ये बसला. मग घटस्थापनेच्या आधी की नंतर, असं विचारत महिना ठरवला.

आता अवघड भाग. नवरा मारतो का, हे प्रश्न घरातल्या एकाच बाईला विचारायचे, तीही आम्ही आमच्या मनाने निवडायची नाही, आणि ती एकटी असेल तरच. दहा बाय बाराच्या खोलीत एकांत कुठला? पोटमाळ्यावर सासू, दारात मुलं, शेजारीण डोकावतेय. कुणी आलं की प्रश्न तिथेच थांबवायचा. एकांत मिळालाच नाही तर तो भाग सोडायचा आणि का सोडला ते नोंदवायचं. यात त्या बाईचा जीव सांभाळायचा असतो आणि उत्तराचा खरेपणाही.

तुमच्या भावाच्या प्रयोगशाळेत समोर कोण उभं आहे, यावरून द्रावणाचं तापमान बदलत नाही. आमच्याकडे विचारणारी बाई आहे की पुरुष, भाषा कुठली, मागे सासू उभी आहे का, यावर उत्तर बदलतं. म्हणून शिस्त जास्त लागते, कमी नाही. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत देशभरात सुमारे ६ लाख ३७ हजार घरं होती. कुठलं गाव, कुठली वस्ती, त्यातलं कुठलं घर, सगळं संख्याशास्त्राने आधीच ठरलेलं. दार बंद दिसलं म्हणून शेजारच्या घरात शिरायची मुभा नव्हती, पुन्हा त्याच दाराशी जायचं. तुमची लेक जे शिकतेय तेच हे, कॉलेजच्या वहीतून वस्तीत आलेलं.

निवृत्त मास्तर

मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवत असे. मुलीला दांडेकर-सुखात्मे वाद वाचायला सांगा. अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ च्या त्यांच्या दारिद्र्यावरच्या अभ्यासात दरडोई रोज २,२५० उष्मांक (कॅलरी) हे किमान आहाराचं माप धरलं होतं. संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांची हरकत अशी की निरोगी माणसाचा आहारही दिवसागणिक कमीजास्त होतो आणि शरीर ते सांभाळून घेतं, म्हणून सरासरीच्या खालचा प्रत्येकजण उपाशी धरता येत नाही. दांडेकरांना हे मान्य नव्हतं. गरिबाला कमी मिळतं ते परवडत नाही म्हणून, शरीर सांभाळून घेतं हा त्यावरचा उतारा होऊ शकत नाही, ही त्यांची बाजू. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईहून निघणाऱ्या 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त हे दोघे जाहीरपणे भांडले. शरीरशास्त्र, अर्थशास्त्र आणि संख्याशास्त्र, तिन्ही एकाच प्रश्नात: भुकेला कोणाला म्हणायचं? माझा स्वतःचा कल दांडेकरांकडे आहे, पण सुखात्म्यांचं गणित समजून घेतल्याशिवाय त्यांच्याशी असहमत होता येत नाही.

भांडुपची आई

सगळ्यांचे मनापासून आभार. गोवंडीकर ताईंचं लिहिणं मी भावाला फोनवर वाचून दाखवलं. तो ऐकत राहिला, मग विचारलं, "या सर्वेक्षणात रक्तही तपासतात म्हणतात, ते कसं?" मुलीलाही हेच जाणून घ्यायचंय.

गोवंडीकर

बोटाला सुई टोचायची, पहिले दोन थेंब पुसायचे, तिसरा थेंब छोट्या पट्टीत घेऊन यंत्रात घालायचा. बोट दाबून रक्त काढायचं नाही, पेशींच्या आजूबाजूचं पाणी मिसळून आकडा खाली येतो. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन (दर डेसिलिटर रक्तात) १२ ग्रॅमच्या खाली आलं तर ॲनिमिया. हे काम आमच्या गटातली आरोग्य तपासनीस करायची, आणि थंडीत गार पडलेली बोटं आधी चोळून घ्यायची.

भावाला आवडेल असा प्रश्न यात आहे. १५ ते ४९ वयाच्या बायकांमधलं ॲनिमियाचं प्रमाण चौथ्या फेरीत (२०१५-१६) ५३ टक्के होतं, पाचव्या फेरीत ५७ झालं. लहान मुलांचं तर चौथ्या फेरीत जवळपास ५९ टक्के आलं होतं. त्याच सुमारास, २०१६-१८ मध्ये, दुसऱ्या एका राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणाने शिरेतून रक्त घेतलं, तर १ ते ४ वर्षांच्या मुलांमध्ये ४१ टक्के आलं. वयोगट अगदी एक नाहीत, तरी तफावत मोठी आहे. यातलं किती अन्नामुळे, किती बोटाच्या थेंबामुळे, आणि १२ ची रेघ आपल्याकडच्या बायकांना लागू पडते का, यावर संशोधक अजून भांडताहेत. यात मामा-भाची दोघांचीही विद्या लागणार आहे.

जिल्हावार तक्ते फुकट उतरवून घेता येतात. तिला आधी मुंबई उपनगरचा काढायला सांगा, भांडुप त्यातच येतं.