नक्कलच घ्यायची तर टिपेपर्यंत अस्सल घ्या (वैमानिकांची कापडी जाकिटं)

उलटी_टीप

डिसेंबरात तीन आठवडे पुण्याला होतो. अंगातलं एमए-१ जाकीट बघून आईनं दारातच विचारलं, "धुवून आटलं का रे?" मावसभाऊ म्हणाला, "असलं फॅशन स्ट्रीटला आठशेला मिळतं." मी त्यासाठी सत्तर हजार येन मोजलेत, म्हणजे आपले चाळीसेक हजार. हे त्या दोघांनाही सांगितलेलं नाही. इथे सांगतोय, आणि भांडायलाच सांगतोय.

हे प्रकरण माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात. अमेरिकी वैमानिकाचं जाकीट म्हटलं की चामड्याचं ए-२ आठवतं. पण दुसरं महायुद्ध चालू असतानाच, १९४३ मध्ये, कापडी बी-१० आलं. वरून सुती, आतून अल्पाका लोकर, गळ्याला मेंढीची केसाळ कॉलर. त्याच्यामागून बी-१५. मग जेटचा जमाना आला, कॉकपिट अरुंद झालं, विमानं आणखी उंच जाऊ लागली. भिजलेलं चामडं किंवा सुती कापड वर गेल्यावर गोठायचं, म्हणून नायलॉन. केसाळ कॉलर पॅराशूटच्या पट्ट्यांमध्ये यायची, म्हणून तिच्या जागी लोकरीची वीण. झालं एमए-१ तयार, १९५० च्या आसपास. भडक नारिंगी अस्तर सुरुवातीला नव्हतं, ते साठच्या दशकातलं. विमान पडलं तर जाकीट उलटं करून घालायचं, म्हणजे शोधणाऱ्यांना लांबून दिसतं.

खरी जुनी जाकिटं आता संग्राहकांकडे. हाती लागलंच तर वीण कसरीनं खाल्लेली असते. म्हणून नक्कल. त्यात जपान्यांचा हात कुणी धरत नाही. टोकियोचं बझ रिकसन्स, कोबेचं द रिअल मॅकॉइज ही त्यातली मोठी नावं. नायलॉनची चमक, लोकरीच्या विणीचा पीळ, जुन्या अमेरिकी चेनीचे दात, सगळं नव्यानं घडवतात. माझ्या जाकिटाची चेन थंडीत ओढली की आधी अडते आणि मग खर्रकन वर जाते. तेवढ्यासाठीही मी पैसे दिलेत असं समजा.

तर माझं म्हणणं असं. एक तर साधं गरम जाकीट घ्या, नाहीतर काटेकोर नक्कल घ्या. मधलं 'बॉम्बर' नावाचं जे विकतात, लांबुडकं, अंगाला चिकटणारं, जिथे तिथे चेनी लावलेलं, ते नको. खरं जाकीट आखूड असतं, कारण ते बसलेल्या माणसासाठी बेतलेलं आहे. लांब केलं तर बसल्यावर घेर पोटाशी गोळा होतो. खांदे ऐसपैस, कमरेला वीण घट्ट आणि मधे फुगा, ही त्याची ठेवण. १९५० च्या धाटणीचं लेबल आणि आत नारिंगी अस्तर असेल तर दुकानातून बाहेर पडा. आणि काळं घेऊ नका. वायुदलाचा ओळखीचा रंग सेज ग्रीन, म्हणजे करडट हिरवा. काळं एमए-१ ही दुकानदारांची करामत.

बोला.

फाटका_खिसा

बोलतो.

ज्या वस्त्राची तुम्ही षोडशोपचारे पूजा मांडलीय, ते सरकारी कंत्राटात शिवलेलं आहे. एमआयएल-जे-८२७९ हा जाकीट कसं शिवायचं ते सांगणारा सरकारी कागद एक, कारखाने अनेक, आणि काम कमी बोलीवाल्याला. त्यामुळे 'अस्सल' एमए-१ कुठल्या कंत्राटाचं हे आधी सांगा. एकाची कॉलर जाड, दुसऱ्याची बारीक. कुण्या बाईची शुक्रवारी संध्याकाळी टीप वाकडी गेली असेल, तर तुमचा कारागीर ती वाकडीच मारणार आणि तुम्ही वाकडेपणाचे पैसे मोजणार.

बरं, अल्फा इंडस्ट्रीज नावाची कंपनी १९५९ साली टेनेसीतल्या नॉक्सव्हिलला सुरू झाली आणि अमेरिकी सैन्यासाठी हीच जाकिटं शिवत आली. ती आजही एमए-१ विकते, तुमच्या नकलेच्या कितीतरी खालच्या भावात. म्हणजे ज्यांनी खऱ्या वैमानिकांना जाकिटं दिली त्यांचा माल 'फॅशन', आणि ज्यांनी एकाही वैमानिकाला दिलं नाही त्यांचा माल 'अस्सल'. हे कुठलं तर्कशास्त्र?

काळ्याचं तर विचारूच नका. विल्यम गिब्सन यांच्या 'पॅटर्न रेकग्निशन' (२००३) या कादंबरीची नायिका काळं एमए-१ घालते, तेही नाव घेऊन, बझ रिकसन्सचं. त्या कंपनीनं तसं जाकीट बनवलेलंच नव्हतं. लोक मागायला लागले तेव्हा बनवलं. जे नव्हतंच त्याची हुबेहूब नक्कल! आणि ती करणारे तुमचेच टिपेपर्यंतवाले.

(ह. घ्या. पण फार हलके नको.)

घामाघूम

डोंबिवलीहून. आमच्याकडे थंडी म्हणजे पंखा तीनवरून दोनवर. चालू द्या.

पाव_इंच

मी कपड्यांच्या निर्यातीत अठरा वर्षं काढली, त्यामुळे दोघांचंही थोडं थोडं चुकतंय असं म्हणायचा अधिकार घेते.

खिसा साहेब, कंत्राटी माल म्हणजे हलका माल असं नसतं. कारखाने अनेक असले तरी कापडाचं वजन, एका इंचात टाके किती, कुठे दुहेरी टीप, हे सगळं त्या कागदात बांधलेलं असतं. तपासणीला माणूस येतो नि गठ्ठेच्या गठ्ठे परत पाठवतो. मी असे गठ्ठे परत आलेले पाहिलेत, आणि त्या रात्री कारखान्यात कुणी घरी जात नाही. कमी बोली आणि कडक तपासणी अशी ती शिस्त असते. आजच्या दुकानी मालात फक्त पहिली गोष्ट उरलीय.

टीप साहेब, तुमचा घोळ मापाचा. जुनं माप जुन्या अंगाचं. तेव्हाचा पोरगा वैमानिक विशीतला, सडपातळ. त्याच्या जाकिटाची हुबेहूब नक्कल चाळिशीतल्या पोटावर चढवली की ती हुबेहूब राहत नाही. लेबलवरचं अक्षर बघू नका, अंगात घालून बघा. स्कूटीच्या हँडलवर ठेवल्यासारखे दोन्ही हात पुढे करा. पाठीत ओढलं तर लहान. मग खुर्चीत बसा आणि चेन वरपर्यंत लावा. कमरेची वीण जागची हलली नाही तर बरोबर. उभं राहिल्यावर शर्ट खालून दोन बोटं दिसला तर दिसू दे, आईंना सांगा तसंच असतं. आणि कृपा करून वाढत्या अंगाचं घेऊ नका, आपल्याकडे ही खोड चाळिशीतही जात नाही. मोठं घेतलं की खांदा कोपराकडे घसरतो, वीण ढिली पडते आणि फुग्याची पिशवी होते.

बायकांनी लहान पुरुषी माप बिनधास्त घ्यावं. खांदा उतरता असल्यामुळे खपून जातं. पण कंबर आणि नितंब यांत फरक जास्त असेल तर खालची वीण वर चढत राहते. मग चेन उघडी ठेवून घाला.

वीण लोकरीची असेल तर वॉशिंग मशीनमध्ये टाकू नका. गार पाणी, हातानं, पिळायचं नाही, आडवं वाळत घालायचं. उन्हाळ्यात डांबरगोळ्यांसकट पेटीत. नायलॉनला कसर लागत नाही, पण कसरीला नेमकी मनगटाची वीणच आवडते.

उलटी_टीप

काकू (की ताई?), हँडलची युक्ती आधी कळली असती तर बरं झालं असतं. मी आरशासमोर उभा राहून घेतलं. बसलं की गळ्याशी थोडं येतं, हे कबूल.

खिसा, अल्फाचा मुद्दा खरा आहे आणि तो मला झोंबला. पण तीच कंपनी आता ज्या धाटणीचं विकते त्यातलं पुष्कळसं आजच्या मापाचं, आजच्या अंगचोर बेताचं असतं. वंश बघायचा की वस्तू? तानसेनाच्या पणतवानं रिमिक्स गायला तर ते धृपद नाही होत.

फाटका_खिसा

आणि तानसेनाची हुबेहूब मिमिक्री केली तर होतं?

पाव_इंच

ताई.

धावपट्टी_निवृत्त

वायुदलात बावीस वर्षं जमिनीवर राहून विमानं सांभाळली. उशिरा वाचला धागा.

आम्हाला जाकीट मिळायचं तेव्हा माप विचारायची पद्धत नव्हती. जे हातात पडलं ते आपलं. ग्रीसचे डाग, कोपराला ठिगळ. उत्तरेत पहाटे विमानाच्या पोटाखाली उताणं पडून काम करताना त्या जाकिटाची एकच गोष्ट महत्त्वाची असायची, की बाही कशात अडकता कामा नये. दिसायला कसं आहे हा प्रश्नच नसे. जाकीट हे पान्यासारखं अवजार आहे.

तुमचं लाडकं नायलॉन अमेरिकेनं सोडलं तेही त्याच हिशेबानं. नायलॉन आगीत वितळतं आणि कातडीला चिकटतं. म्हणून सत्तरच्या दशकात नोमेक्स नावाच्या, आगीत न वितळणाऱ्या कापडाची सीडब्ल्यूयू-४५/पी आणि उन्हाळ्यासाठी हलकी ३६/पी ही जाकिटं आली. ज्यांना ते घालून उडायचं होतं त्यांनी एमए-१ चा मोह धरला नाही. तेव्हा शेगडीजवळ जपून.

माझी हरकत जाकिटाला नाही. कापड आहे, ऊब देतं, घाला. हरकत आहे ती पॅचला. कुठल्या तरी स्क्वाड्रनचं चिन्ह छातीवर लावून पोरं कॉफी प्यायला येतात. ते चिन्ह कुणीतरी कमावलेलं असतं. त्या तुकडीतले काही परत आले नसतील. देश कुठलाही असो. पदक बाजारातून आणून लावाल का? मग हे कसं चालतं?

घामाघूम

+१. शिवाय घामानं पॅचचा रंग उतरतो.

उलटी_टीप

काका, आता खोटं बोलवत नाही. माझ्या जाकिटाच्या डाव्या खांद्यावर पॅच आहे. टोकियोच्या उएनो भागात आमेयोको म्हणून बाजार आहे, युद्धानंतरच्या काळ्या बाजारातून वाढलेला. रेल्वेच्या पुलाखाली सैनिकी कपड्यांची दुकानं आहेत, तिथे मिळाला. पण तो कुण्या स्क्वाड्रनचा नाही. ढालीच्या आकाराचा, वर निळ्या पट्टीत चिनी सूर्य आणि तारा, खाली लाल-पांढरे उभे पट्टे. दुसऱ्या महायुद्धातल्या चीन-ब्रह्मदेश-भारत आघाडीचा. तो तारा हिंदुस्थानचा म्हणून घेतला. आपलं काहीतरी असावं अंगावर, एवढंच. सदाशिव पेठेतल्या शिंप्याकडून लावून घेतला.

चबुआ_ते_कुनमिंग

थांबा, थांबा, थांबा.

टिपेपर्यंत अस्सल म्हणणारे आपणच ना? ही आघाडी १९४५ मध्ये आवरली. एमए-१ १९५० च्या आसपासचं, हे धाग्याच्या सुरुवातीला आपणच लिहिलंय. म्हणजे जे जाकीट जन्मालाच आलं नव्हतं त्यावर तुम्ही पाच वर्षं आधीचं चिन्ह शिवलंत, वर काळ्या रंगाला नावं ठेवताय. शिवाजी महाराजांच्या कमरेला पिस्तूल लावल्यासारखं झालं. हा पॅच शोभतो बी-१० वर. १९४२ ते ४५ आसामातल्या चबुआ, दिंजान अशा तळांवरून हिमालयाच्या पूर्व टोकावरून चीनमधल्या कुनमिंगला अमेरिकी वैमानिक सामान नेत होते, त्या मार्गाला ते 'हंप' म्हणत. खाली जंगल, वर बर्फ, मधे ढग, आणि नकाशे कच्चे. शेकड्यांनी विमानं पडली. त्या थंडीसाठी अल्पाकाचं अस्तर.

पण यातली गंमत वेगळीच आहे आणि ती कुणाच्या लक्षात आलेली दिसत नाही. या आघाडीवरचे पुष्कळ पॅच अमेरिकेहून आलेलेच नव्हते. इथल्याच कारागिरांनी हातानं भरलेले, कुठे चामडं कापून जोडलेले, कुठे जरीच्या तारेनं भरलेले. प्रत्येकाचा तारा वेगळा, सूर्याचे किरण कमी-जास्त. संग्राहक आज त्या वेडेवाकडेपणासाठीच जीव टाकतात. तेव्हा हिंदुस्थानी कारागिरानं अमेरिकी शिपायासाठी केलेली वस्तू, तिची नक्कल टोकियोत विकली, ती पुणेकरानं ताऱ्यापायी घेतली आणि सदाशिव पेठेतल्या शिंप्यानं लावली. सगळ्यात अस्सल हात त्या शेवटच्या शिंप्याचाच.

धावपट्टी_निवृत्त

हे मला माहीत नव्हतं. मग त्या पॅचबद्दल माझी हरकत थोडी सैल. थोडीच.

कलम_कसाई

कायद्याचं कुणी विचारलं नाही, तरी. भारतीय न्याय संहितेचं कलम १६८ : भारत सरकारच्या सेनादलात नसताना तिथल्यासारखा पोशाख किंवा चिन्ह, लोकांनी आपल्याला सैनिक समजावं या हेतूनं वापरलं, तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मुद्दा हेतूचा आहे आणि आपल्याच सेनादलांचा आहे. त्यामुळे ऐंशी वर्षांपूर्वीच्या अमेरिकी पॅचवरून आपले टीप साहेब आत जात नाहीत. मात्र आपल्या सैन्याचं हुबेहूब घालून टोलनाक्यावर रुबाब करणाऱ्यांनी जपावं.

फाटका_खिसा

मी जिंकलो असं जाहीर करून झोपायला जातो. पाव इंच ताईंनी टपली मारली ती मान्य, तपासणीबद्दल मला कल्पना नव्हती. बाकी चाळीस हजारांत माझ्या घरच्या चौघांची स्वेटरं येऊन वर मिसळ.

उलटी_टीप

काल रात्री पॅच उसवला. शिंप्यानं बारीक टीप मारली होती, ब्लेडनं तासभर लागला. निघाला, पण नायलॉनवर ढालीच्या आकाराची भोकांची रांग राहिलीय. दिव्यासमोर धरलं की ठिपक्यांची रांगोळी. ती बुजवायला काही उपाय आहे का?

पाव_इंच

नाही. सुती असतं तर ओलसर फडकं ठेवून वाफ दिली असती, नखानं घासलं असतं, धागे जवळ आले असते. नायलॉनला सुईचं भोक पडलं की पडलं. इस्त्री तर लावूच नका, काका वितळण्याबद्दल बोललेत ते आठवा. पॅच परत त्याच भोकांत हातानं शिवा, नाहीतर राहू द्या तसंच.

उलटी_टीप

परत नाही शिवत, पाच वर्षांचा घोळ आता सगळ्या जगाला कळलाय. पॅच टेबलावर पडलाय, टाकवत नाही. सुती बी-१० कुठे मिळतंय ते बघून ठेवलंय. छाती एकोणचाळीस इंच आहे, आत पातळ स्वेटर. ३८ घेऊ की ४०?

फाटका_खिसा

उठलो. आईंना सांगितलंत?

पाव_इंच

४०. पण आधी हँडल.