होंडा सिटी ट्रॅक कार: व्हील स्टड वारंवार का तुटतात?

प्रश्न: स्टड (हबमध्ये, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागात, रोवलेले बोल्ट) १२ × १.५ चे, म्हणजे १२ मिमी जाड आणि आट्यांमधलं अंतर १.५ मिमी. ५ मिमी स्पेसर (हब आणि चाकामधली चकती), नट इम्पॅक्ट गनने (ठोके देत फिरवणाऱ्या यंत्राने) घट्ट. डाव्या पुढच्या चाकाचा स्टड दुसऱ्यांदा तुटला. एकच बदलला तर चालेल का?

उत्तर १: नाही, त्या हबचे चारही बदला. एक तुटला की त्याचा भार बाकीच्यांवर येतो, त्यांनाही बारीक तडे गेलेले असू शकतात. तुटलेला भाग नीट बघा. शिंपल्यासारख्या रेषा आणि टोकाला खडबडीत पट्टा म्हणजे फटीग (वारंवार ताण येऊन हळूहळू तडा वाढणं), आणि त्याचं मूळ बहुधा सैल नट. चाक खरं तर हबवर दाबून, घर्षणाने धरलेलं असतं. दाब गेला की स्टड दर फेरीला वाकतो.

उत्तर २: स्पेसरचे ५ मिमी आट्यांमधूनच कमी होतात. नट हाताने फिरवून मोजा: किमान ८ पूर्ण फेरे हवेत. कमी भरले तर लांब स्टड घ्या. गन फक्त सैल करायला. घट्ट करताना टॉर्क रेंच (ठरावीक पिळाच्या जोरापर्यंतच घट्ट करणारा पाना), १०८ न्यूटन-मीटर, तिरप्या क्रमाने. आट्यांना तेल लावू नका, त्याच टॉर्कला ताण बराच वाढतो. हब आणि चाकाच्या बैठकीवरचा रंग, गंज खरवडून काढा. रंग चेपला की नट ढिले! ट्रॅकवरच्या पहिल्या सत्रानंतर चाकं थंड झाल्यावर पुन्हा टॉर्क तपासा.

उत्तर ३: नवा स्टड गनने ओढून बसवू नका. दाबून बसवणारं प्रेस यंत्र उत्तम. आणि कंपनीच्या चाकाला गोल बैठकीचे (चाकाला टेकणारा भाग गोलाकार असलेले) नट लागतात, बाहेरच्या बहुतेक अलॉयला शंकूच्या. अदलाबदल झाली असेल तर बाकी सगळं व्यर्थ.