जपानी तक्त्यातील वर्षे इतिहासाच्या पुस्तकाशी जुळत नाहीत, मदत हवी आहे

राजारामपुरी_वाचक
नमस्कार. नवे सत्र सुरू होऊन जेमतेम आठवडा झाला आहे आणि मी आताच अडकले आहे. सरांनी दिलेल्या तक्त्यातील वर्षे पुस्तकातील वर्षांशी जुळत नाहीत, लिपीचा अभ्यासही मागे राहिला आहे, आणि मंगळवारी मला वर्गापुढे बोलायचे आहे. दोन्हींपैकी एक विषय सोडून दे, असे घरचे सांगत आहेत. सोडायचा झाल्यास कोणता सोडावा, हे कृपया लवकर कळवावे.

करवीरवासी
ताई, कोणते दोन विषय, कितवे सत्र, तक्ता कशाचा आणि बोलायचे कशावर, यांपैकी काहीच तुम्ही लिहिलेले नाही. शीर्षकावरून जपानी भाषा आणि इतिहास असा अंदाज बांधता येतो, पण अंदाजावर विषय सोडण्याचा सल्ला देणे मला योग्य वाटत नाही. तक्त्यातील न जुळणारी दोन-तीन वर्षे जशीच्या तशी इथे लिहा.

नोकरीनिमित्त_पुण्यात
विषय सोडायचाच असेल तर इतिहास सोडा. जपानी भाषेची परीक्षा जुलै आणि डिसेंबर अशी वर्षातून दोनदा होते आणि पुण्यात तिचे केंद्र आहे. पाचवी पातळी सर्वांत सोपी आणि पहिली सर्वांत कठीण. मी स्वतः तिसऱ्या पातळीपर्यंत पोहोचलो आणि त्यानंतरच मला जपानी ग्राहकांसोबतचे काम मिळाले. इतिहासाच्या गुणांविषयी मला मुलाखतीत कोणीही विचारले नाही.

जुना_विद्यार्थी
वरील सल्ल्याशी मी मुळीच सहमत नाही. ताईंनी नोकरीविषयी विचारलेलेच नाही. शिवाय भाषा शिकणाऱ्याने त्या देशाचा इतिहास टाकून दिला, तर पुढे साधी बातमी वाचतानाही ठेच लागते.

राजारामपुरी_वाचक
क्षमस्व, घाईत सर्व राहून गेले. बी.ए.चे तिसरे सत्र आहे. सकाळी महाविद्यालयात आधुनिक आशियाचा इतिहास असतो आणि संध्याकाळी जपानीचा वर्ग असतो. जपानीला मी दहा दिवस उशिरा प्रवेश घेतला, तोपर्यंत वर्गाची हिरागाना लिपी शिकून झाली होती. इतिहासात मंगळवारी १८५३ ते १९०५ या काळातील जपानवर बोलायचे आहे. मी जपानी शिकते म्हणून सरांनी मुद्दाम जपानी कालगणनेचा तक्ता दिला. त्यात अमेरिकी नौदलाचा पेरी काएइ ६ च्या (म्हणजे काएइ या कालनामाच्या सहाव्या वर्षाच्या) सहाव्या महिन्यात ३ तारखेला आला असे आहे, तर पुस्तकात ८ जुलै १८५३. राजसत्तेच्या पुनःस्थापनेची घोषणा तक्त्यात केइओ ३ मधील बाराव्या महिन्याच्या ९ तारखेला आहे आणि पुस्तकात ३ जानेवारी १८६८. मी केइओ ३ म्हणजे १८६७ असा हिशेब केला होता. रशिया-जपान युद्धातील त्सुशिमाची आरमारी लढाई मात्र दोन्हीकडे २७ मे हीच आहे. म्हणजे तक्त्याचा काही भाग चुकीचा समजायचा का?

करवीरवासी
आता प्रश्न समजला. तक्ता चुकीचा नाही, पुस्तकही चुकीचे नाही आणि केइओ ३ म्हणजे १८६७ हा तुमचा हिशेबही बरोबर आहे. जपानने १ जानेवारी १८७३ पासून युरोपीय दिनदर्शिका स्वीकारली. त्याआधी तिथे आपल्या पंचांगासारखीच चांद्र-सौर गणना होती, अधिक महिनादेखील होता, आणि वर्ष जानेवारीच्या उत्तरार्धात किंवा फेब्रुवारीत सुरू होत असे. म्हणून त्यांचा सहावा महिना म्हणजे जून नव्हे, आणि त्यांच्या १८६७ या वर्षाचा बारावा महिना इंग्रजी १८६८ च्या जानेवारीत येतो. आपण शकात ७८ मिळवून इसवी सन काढतो, पण पौष-माघातील जानेवारीच्या तारखेसाठी ७९ मिळवावे लागतात, तसाच हा प्रकार आहे. त्सुशिमाची लढाई १९०५ ची, म्हणजे नव्या दिनदर्शिकेनंतरची, म्हणून तिची तारीख दोन्हीकडे सारखीच दिसते. मेइजी ५ हे वर्ष तर बाराव्या महिन्याच्या २ तारखेलाच संपवले गेले आणि दुसऱ्या दिवशी मेइजी ६ ची १ जानेवारी उजाडली.

जुना_विद्यार्थी
यात एक भर घालतो. मेइजी वर्षात १८६७ मिळवले की इसवी सन मिळतो, म्हणून मेइजी ३८ म्हणजे १९०५. ताइशोसाठी १९११ आणि शोवासाठी १९२५ मिळवावेत. मेइजीपासून एका सम्राटाला एकच कालनाम असा नियम झाला. त्याआधी संकटे आली किंवा शुभशकुन झाले तरी नाव बदलत असे, त्यामुळे एकट्या कोमेइ सम्राटाच्या कारकिर्दीत काएइ, आन्सेइ, मानएन, बुन्क्यू, गेन्जी आणि केइओ अशी नावे येतात. वर्गात समजावताना राज्याभिषेक शकाचे उदाहरण द्यावे. शके १५९६, म्हणजे १६७४ मध्ये, शिवाजी महाराजांनी नवी गणना सुरू केली, आणि कालगणना हे राजसत्तेचे चिन्ह असते ही गोष्ट कोल्हापुरातील श्रोत्यांना वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

पंचगंगाकाठ
विषय निघालाच आहे म्हणून लिहितो. जपानने शिक्षणाचा देशव्यापी कायदा १८७२ मध्ये केला आणि आपल्या करवीर संस्थानात शाहू महाराजांनी सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा १९१७ मध्ये केला. या दोहोंची तुलना भाषणात अवश्य घ्यावी. मला तरी हाच खरा विषय वाटतो.

करवीरवासी
तुलना मोलाची आहे, परंतु १९१७ हे वर्ष ताईंच्या कालखंडाबाहेरचे आहे. ती दुसऱ्या निबंधासाठी राखून ठेवावी.

नोकरीनिमित्त_पुण्यात
ठीक आहे, इतिहास सोडू नका. पण लिपीचे काय? माझा सल्ला असा की सध्या देवनागरीत उच्चार लिहून काम चालवावे आणि लिपी सावकाश शिकावी.

मिरजेहून_येणारी
कृपया असे करू नका. मीही कोल्हापूरला येऊन-जाऊन जपानी शिकले आणि या सवयीमुळे माझे अर्धे सत्र वाया गेले. ओबासान म्हणजे मावशी किंवा काकू, आणि त्यातील मधला स्वर लांबवला की अर्थ होतो आजी. देवनागरीत ‘बा’ एकाच प्रकारे लिहिला जातो, त्यामुळे मी वर्गात सर्वांच्या मावश्यांना आजी करून बसले होते आणि वहीत पाहून चूक कुठे झाली ते कळतही नव्हते. हिरागानाची मूळ अक्षरे ४६ आहेत, रोज आठ गिरवली तरी सहा दिवसांत होतात. त्यांचा क्रम अ, क, स, त, न, ह, म, य, र, व असा आहे. बौद्ध भिक्षूंच्या संस्कृत वर्णमालेच्या अभ्यासातून तो घडला, आणि आपल्या चवर्गाच्या जागी स व पवर्गाच्या जागी ह मानला की तो जवळजवळ आपली बाराखडीच वाटू लागतो. ‘त्सु’ला तर घाबरूच नये, मराठी माणूस ‘चूल’ म्हणताना हाच उच्चार करतो.

नोकरीनिमित्त_पुण्यात
लांब स्वरापुढे अवग्रह लिहिला तर हा गोंधळ टळतो, मी तसेच करत असे. मात्र क्रमाविषयीची माहिती मला नव्हती.

राजारामपुरी_वाचक
सर्वांचे मनापासून आभार. अडचण एका विषयाची नव्हती, दोन दिनदर्शिकांची होती, हे आता ध्यानात आले, म्हणून दोन्ही विषय ठेवत आहे. हिरागानाच्या पहिल्या दोन ओळी काल रात्री गिरवल्या. तक्त्यातील एकच नोंद उरली आहे. अमेरिकेशी व्यापाराचा करार आन्सेइ ५ मध्ये, सहाव्या महिन्याच्या १९ तारखेला झाला असे तिथे लिहिले आहे आणि पुस्तकात २९ जुलै १८५८ आहे. भाषणात यातील कोणती तारीख सांगावी?

करवीरवासी
बोलताना पुस्तकातील तारीख सांगा आणि फळ्यावर तिच्याखाली जपानी तारीखही लिहा. १८७३ पूर्वीच्या प्रत्येक नोंदीला हेच करा आणि तिथे जून हा शब्द कुठेही लिहू नका, ‘सहावा महिना’ असेच लिहा.