अमेरिकेतला गरीब खरंच गरीब असतो का?

वाटसरू:
घरच्या ग्रुपवर एकाने लिहिलं, "अमेरिकेतले गरीब गाडीतून फिरतात, त्यांची कसली आलीये गरिबी!" म्हणून हा धागा. बऱ्याच शहरांत गाडीवाचून कामावर पोचताच येत नाही. गाडी बसली की नोकरी गेली, आणि भाडं थकून घर सुटलं की झोपायचंही त्याच गाडीत. केंद्राचं किमान वेतन २००९ पासून तासाला ७.२५ डॉलरवर अडकलंय. आठवड्याला चाळीस तास, वर्षभर एकही खाडा न करता राबलं तरी कर कापायच्या आधी १५,०८० डॉलर. यात घर चालवून दाखवा.

हिशेबी:
अर्धंच सांगताय. निम्म्याहून जास्त राज्यांचं किमान वेतन त्याहून वर आहे. दुसरं, २०२३ चा दारिद्र्याचा सरकारी आकडा ११.१ टक्के, पण त्यात फक्त रोख उत्पन्न धरतात. फूड स्टॅम्प (किराण्यासाठीची सरकारी मदत), घरभाड्याची मदत, करातून परत मिळणारे पैसे, काहीच मोजत नाहीत. मदत आहे हो, ती घेऊन वर यायची जिद्द हवी.

टेक्सासची_काकू:
आमच्याकडे ७.२५ च आहे, हिशेबीभाऊ. आणि ती मदत कशी असते ते ऐका. परवा दुकानात माझ्यापुढे एक बाई होती, कडेवर पोर. लोन स्टार कार्डावर (फूड स्टॅम्पचं इथलं कार्ड) दूध-ब्रेड निघालं, भाजलेली गरम कोंबडी अडली. गरम जेवण त्यावर चालत नाही. तीच कोंबडी गार करून फ्रिजात ठेवलेली चालते! डायपर आणि साबणही बाहेर. तिने कोंबडी ठेवली, डायपर सुटे पैसे मोजून घेतले. मागे रांगेत सुस्कारे चालूच. शिवाय मूलबाळ नसलेला धडधाकट माणूस कितीही कंगाल असो, टेक्सासमध्ये त्याला मेडिकेड (गरिबांसाठीचा सरकारी आरोग्य विमा) नाही.

हिशेबी:
करदात्याच्या पैशाला नियम नकोत? १९९६ मध्ये क्लिंटननी मदतीला कामाची अट घातली, त्यानंतर कितीतरी एकट्या आया नोकरीला लागल्या. लोक बचत का करत नाहीत, हे कुणी विचारतच नाही.

वाटसरू:
बचत? अपंगांना आणि गरीब म्हाताऱ्यांना मिळणाऱ्या एसएसआयमध्ये एकट्या माणसाकडे २,००० डॉलरपेक्षा जास्त शिल्लक दिसली की मदत बंद. ही मर्यादा १९८९ पासून तीच. चार पैसे मागे टाकले तर शिक्षा, नाही टाकले तर तुमचं प्रवचन. मग नड आली की पगारावर उचल देणारी दुकानं आहेतच: शंभर डॉलरला दोन आठवड्यांचे पंधरा, म्हणजे वर्षाला ३९० टक्के.

हिशेबी:
२,००० ची मर्यादा खुळचट आहे, त्यावर वाद नाही. पण उचल घ्या म्हणून कुणी गळ्याला सुरी लावत नाही.

चहाटळ:
सुरी नाही, घरमालकाची नोटीस लावलेली असते.
बरं, तुमच्याच पद्धतीने, सगळी मदत धरून मोजू. २०२१ मध्ये आईबापांना दर मुलामागे महिना २५० ते ३०० डॉलर थेट खात्यात दिले, तेव्हा बालदारिद्र्य ५.२ टक्क्यांवर आलं. योजना बंद केली; पुढच्याच वर्षी १२.४. वर्षभरात लाखो आईबापांची जिद्द एकदम आटली का?

हिशेबी:
तो कोविडचा काळ होता, पैसा उसना होता, आणि २०२२ मध्ये महागाई ८ टक्के झाली ती कुणी सोसली? गरिबांनीच. थेट वाटप कायमचं परवडणार नाही.

टेक्सासची_काकू:
महागाईचं खापर त्या अडीचशे डॉलरवर फोडताय होय? म्हाताऱ्यांना सोशल सिक्युरिटी (सरकारी पेन्शन) दरमहा कायमचीच चालू आहे. ती बंद करा म्हणणारा इथे निवडून येत नाही. पोरांना मत नसतं, एवढाच फरक.