पश्चिमेच्या भिंतीला कपाट करू का? आणि चटणीची बरणी

कळंब्याची सून:
कोल्हापुरात कळंब्याकडं चौथ्या मजल्यावर टू बीएचके घेतलाय. चावी पाडव्याला मिळाली. शाळा सुरू व्हायच्या आत राहायला जायचंय. इंटिरियरवाल्यानं थ्रीडी काढून दिलंय, त्यात ओट्यावर एक फुलदाणी आणि तीन लिंबं. आमच्या ओट्यावर लिंबं कुठली टिकायला!

आता अडचणी. बेडरूमच्या पश्चिमेच्या भिंतीला ९ फूट रुंद, छताला भिडणारं कपाट सांगितलंय, आतून एमडीएफ (लाकडाच्या भुशाचा दाबून केलेला बोर्ड). ओटा ३६ इंच. सासूबाई ४ फूट १० इंच, आणि स्वयंपाक त्यांच्याच हातात. शिवाय वर्षाच्या चटणीची बरणी १६ इंच उंच, ती एकाही ट्रॉलीत मावत नाही. विचारलं तर म्हणतो, "मॅडम, छोट्या डब्यांत काढून ठेवा." सासूबाईंना हे अजून सांगितलेलं नाही.

फुलेवाडीकर:
ताई, बाकी काहीही करा, पश्चिमेच्या भिंतीला यंदा लाकूड चिकटवू नका. आमचं सांगतो. नवी बिल्डिंग, मे महिन्यात कपाट बसलं. ऑगस्टमध्ये बायकोनं खालच्या कप्प्यातली पैठणी काढली तर घडीवर पांढरी बुरशी. मागचा प्लाय हातानं दाबला की खारीसारखा सुटत होता. आपल्याकडं पाऊस वाऱ्याबरोबर पश्चिमेकडनं झोडपतो. बाहेरच्या गिलाव्याला केसाएवढी चीर असली तरी पाणी आत येतं, आणि कपाटामागं ते दिसत नाही.

बिल्डरकडं गेलो तर म्हणाला, "तुमच्या सुतारानं भोकं पाडली, त्यातनं आलं." रेरा कायद्यात ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत बांधकामातला दोष निघाला तर बिल्डरनं स्वखर्चानं दुरुस्त करायचा असतो. पण भिंत मोकळी असली की बोलायला तोंड राहतं. तक्रार लेखी द्या, फोटोसकट.

एक करून बघा. दोन फूट प्लास्टिक चारी बाजूंनी टेपनं भिंतीला घट्ट चिकटवा, दोन दिवस ठेवा. आतल्या बाजूला थेंब धरले तर ओल भिंतीत आहे.

रंधा_पटाशी:
सुतारकाम करतो, म्हणून बोलतो. एमडीएफला पाणी लागलं की फुगतं, वाळल्यावर परत बसत नाही. सिंकखाली आयएस ७१० चा, म्हणजे पाण्याला टिकणारा मरीन प्लाय मागा, शिक्का स्वतः बघा. ओट्याची उंची थ्रीडीवरनं ठरवू नका. सासूबाईंना अनवाणी उभं करा, कोपरापासून खाली ४ इंच सोडा. ३२ च्या आसपास येईल. फरशीवर अजून फरशी बसणार असेल तर तीही धरा, नाहीतर ओटा तेवढा बुटका होतो.

बरणीला ट्रॉली कशाला? ओट्याखाली एक खण कडाप्प्याचा मोकळा ठेवा. सिंकपासून लांब.

भाड्यानं_राहणारा:
पावसाळाभर थांबा म्हणणं सोपं आहे. भाडं आणि हप्ता दोन्ही भरून बघा एकदा.

फुलेवाडीकर:
राहायला जा की भावा. एक भिंत तेवढी मोकळी सोडा म्हणतोय.

कळंब्याची सून:
प्लास्टिक लावलं. नेमका दोन दिवस संध्याकाळी वळीव कोसळला. भिंतीच्या मध्याला काही नाही, पण खिडकीच्या डाव्या कोपऱ्यात हाताच्या पंजाएवढ्या जागेत थेंबच थेंब, आणि पुट्टी नखानं निघतेय. फोटो काढून बिल्डरला पत्र दिलंय, पोच घेतली.

९ फुटी कपाट रद्द. आतल्या भिंतीला ५ फुटी करतोय, प्लायचं. त्या भिंतीला बाथरूम लागून नाही, हे बघून घेतलं. बाकीचे कपडे लग्नातल्या लोखंडी कपाटात. ते नव्या घरात नेणार म्हटल्यावर इंटिरियरवाल्याचा चेहरा बघण्यासारखा झाला.

ओटा ३२. सासूबाईंनी उभं राहून हवेत भाकरी थापून दाखवली आणि म्हणाल्या, "अर्धा इंच वर घे." सुतारानं साडेबत्तीसची खूण केली. बरणीचा खण १८ इंचांचा, सिंकच्या दुसऱ्या टोकाला.

छोट्या डब्यांचं त्यांना अजूनही सांगितलेलं नाही.