कामावर इजा झाली तेव्हाचे तुमचे अनुभव

मेघना_भोसरी:
काल बाबांना रेशनच्या केवायसीला नेलं. मशीन अंगठा घेईना. दुकानदार सहज म्हणाला, काका अंगठ्याजवळचं बोट ठेवा, तर बाबांनी उजवा हात मागे घेऊन डावा पुढे केला. मला एकदम 1996 आठवलं. बाबांची सेकंड शिफ्ट, पॉवर प्रेस, म्हणजे पत्रा दाबून कापायचं मशीन. प्रेसला दोन बटणं असतात, दोन्ही हातांनी दाबली तरच स्ट्रोक पडतो, म्हणजे हात डायमध्ये, साच्यात, राहूच शकत नाही. पण प्रॉडक्शन निघत नाही म्हणून सुपरवायझरने एक बटण पट्टी लावून कायमचं दाबून ठेवलेलं. दोन पेरं गेली. उजव्या हाताला बँडेज, म्हणून "माझ्या चुकीने झालं" अशा कागदावर डावा अंगठा घेतला, बाबांना सही येत असताना! भरपाईच्या कायद्यात त्या बोटाची दोन पेरं गेली की कमाईची ताकद 11 टक्के गेली असं लिहिलंय. तो आकडा ऐकल्यावर आई कितीतरी दिवस धड बोलली नव्हती. तुमच्या घरातलं असं काही असेल तर लिहा.

फिटर_सातारा:
आमच्या शॉपला प्रेसच्या क्लचची चावी झिजलेली, डबल स्ट्रोक यायचा, म्हणजे एकदा दाबलं तरी प्रेस दोनदा पडायचा, मेंटेनन्सला तीनदा सांगितलं. चौथ्यांदा सांगायला माझा पार्टनर नव्हता, तो ॲडमिट होता. अंगठा. अंगठ्याचे 30 टक्के.

सुनीता६५:
मेघना, बाबांना नमस्कार सांग गं

ईएसआय_वाला:
त्या कागदाला घाबरू नका कोणी. नियम मोडला असं लिहिलं तरी काम मालकासाठीच चाललेलं होतं ना, मग ईएसआयचा, म्हणजे कामगार विम्याचा, हक्क जात नाही. अपघाताचा रिपोर्ट भरून घ्या आणि कॉपी हातात आल्याशिवाय हलू नका, बरं होईपर्यंत पगाराच्या 90 टक्के मिळतात, नंतर मेडिकल बोर्ड कायमचं किती नुकसान ते ठरवतं. लोक इथेच चुकतात, मालक म्हणतो प्रायव्हेटला नेतो, खर्च मी करतो, आणि रिपोर्ट होतच नाही.

रंगारी_नालासोपारा:
बेल्ट देतात हो पण अडकवायचा कुठे, वर दोरच नसतो. साहेब येणार त्या दिवशी दोर येतो. भाऊ पाचव्या मजल्यावरून गेला, ठेकेदार म्हणे माझा माणूसच नाही

मेघना_भोसरी:
@रंगारी दादा काय बोलू. वहिनींना काही मिळालं का?

रंगारी_नालासोपारा:
केस चालू आहे ताई

डोंबिवलीची_आई:
आम्ही कंपनीत नाही पण 2016 ला आणि 2024 ला, दोन्ही वेळा मे महिन्यात, इथल्या केमिकल कंपन्यांत स्फोट झाले आणि आमच्या काचा फुटल्या. तेव्हापासून मोठा आवाज झाला की मुलगी कानावर हात ठेवते. आत काम करणाऱ्यांना टाकीत काय आहे ते तरी सांगतात का?

ईएसआय_वाला:
सांगायलाच पाहिजे. भोपाळनंतर 1987 मध्ये फॅक्टरी ॲक्टात कामगाराला ही माहिती मागायचा हक्क आला. मागणाऱ्याला दुसऱ्या दिवशी गेटवर अडवतात हे पण खरं, म्हणून एकट्याने नका मागू, सगळ्यांच्या सह्या घ्या

साडीसेंटर_नाशिक:
आमच्यात मशीन नाही, पण दहा तास उभं. केरळमध्ये 2018 ला बसायचा हक्क कायद्यात आला, आम्हाला स्टूल मागितलं तर गिऱ्हाईकासमोर बरं दिसत नाही म्हणतात. पायाच्या शिरा बघा माझ्या.

पूजा_व:
मेघना केवायसी चेहऱ्याने होते गं, मेरा ई-केवायसी ॲप घे, सोबत आधार फेस आरडी. सासूबाईंचं घरीच झालं

मेघना_भोसरी:
थँक्यू पूजा, रात्री करते. बाबांना आत्ता हे सगळं वाचून दाखवलं, ते फिटर दादांना विचारतायत की पार्टनर आता काय काम करतो.

फिटर_सातारा:
वॉचमन आहे, त्याच गेटवर